बिनसाखरेचा चहा किती कप?

(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आरोग्यविषयक मनोगत’ असं छापलंय. ते वाचून आपल्या वर्गातल्या दोन डॉक्टरांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, ते मी बघितलं आहे! मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. मग मी का बोलतेय?

महिन्यापूर्वी भोजन समितीने आपल्या ग्रुपवर एक साधा प्रश्न टाकला होता, “बिनसाखरेचा चहा किती कप?” समितीला वाटलं होतं, गुरुजनांसाठी सात-आठ कप लागतील. गुरुजनांचे सहाच निघाले. आपल्या वर्गाचे मात्र सतरा! आपण सगळे शेहेचाळीस-सत्तेचाळीसचे. त्यावर भरपूर हसण्याच्या बाहुल्या पडल्या, ‘गोड माणसांची तुकडी’ असे विनोद झाले. मीही हसले. पण त्या रात्री दोघांनी मला वेगळा मेसेज केला. एकाने लिहिलं, “मी ग्रुपवर हात वर केला नाही, पण मलाही आहे. घरीसुद्धा नीट सांगितलेलं नाही.” दुसरीने विचारलं, “मागच्या वर्षी रिपोर्टमध्ये थोडी साखर जास्त आली होती. काही करायला हवं का गं?” तेव्हा ठरवलं, आठवणी सांगायला बाकीचे आहेतच, आपण यावर बोलायचं.

सुरुवात आप्पांपासून करते. माझ्या वडिलांचं शाळेसमोरचं किराणा दुकान तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. मधल्या सुट्टीत लिमलेटच्या गोळ्या, चिंचेच्या गोळ्या तिथूनच यायच्या. काही जणांची उधारी अजून बाकी आहे, असं आई म्हणते! दिवसभर गल्ल्यावर बसून राहायचं आणि येईल त्या गिऱ्हाइकाबरोबर अर्धा कप चहा घ्यायचा, असा आप्पांचा दिवस. पन्नाशीच्या आधीच त्यांना मधुमेह निघाला. चार-पाच वर्षं त्यांनी गोळ्या घेतल्या. मग कुणीतरी एक काढा सांगितला, “गोळ्यांची गरज नाही, मुळापासून जातो.” गोळ्या बंद झाल्या. काही दुखत नव्हतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असंच वाटत होतं.

२००८ साली त्यांच्या चपलेतून एक खिळा वर आला. दिवसभर तो त्यांच्या पायात टोचत होता आणि त्यांना कळलंच नाही, कारण पायाची संवेदना गेली होती. संध्याकाळी आईला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. ती जखम भरली नाही, शेवटी अंगठा काढावा लागला. पुढे मूत्रपिंडं गेली, डायलिसिस सुरू झालं. २०१४मध्ये आप्पा गेले. सहासष्ट वर्षांचे होते.

आता तुम्हाला वाटेल, हे सगळं डोळ्यांनी पाहिलेली मुलगी स्वतःची किती काळजी घेत असेल. तीच गोष्ट सांगायला मी उभी आहे.

आप्पांचा अंगठा काढला त्याच वर्षी माझी मुलगी पोटात होती. सातव्या महिन्यात माझी साखर वाढलेली निघाली. गरोदरपणातला मधुमेह. बाळंतपण झालं, साखर खाली आली आणि सगळे म्हणाले, “गेलं बाई एकदाचं!” मीही तेच धरून चालले. खरं तर गरोदरपणी ज्या बाईला मधुमेह होतो, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा सात ते दहा पट असतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या सुमारास पुन्हा तपासणी करायची असते आणि मग ठरावीक काळाने आयुष्यभर. मला हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पुढे नोकरीत दरवर्षी मोफत तपासणी व्हायची. रिपोर्ट ईमेलने यायचा. तीन वर्षांचे तीन रिपोर्ट मी उघडलेच नाहीत. आमच्या कामात प्रोग्राम चालवताना ‘वॉर्निंग’ येतात. प्रोग्राम चालतो ना, मग आपण त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. माझ्या शरीराचं मी तेच केलं. २०२१च्या सुरुवातीला घरून काम चालू होतं. रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचे, घसा कोरडा पडायचा, चष्म्याचा नंबर सहा महिन्यांत दोनदा बदलला. थकवा आहे तो कामाचा, असं समजत होते. एका रविवारी लेकीने विचारलं, “आई, तू रात्री इतकं पाणी का पितेस? आजोबा प्यायचे तसं?” तिला आजोबांचं तेवढंच आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. उपाशीपोटी १४८, एचबीएवनसी ८.१. मग ते तीन जुने रिपोर्ट उघडले. ५.९, ६.३, ६.७. पायरी-पायरीने मी वर चढत होते आणि प्रत्येक पायरीवर कागद मला ओरडून सांगत होता. पहिल्या दोन पायऱ्यांवर मला मधुमेह झालेलाच नव्हता. तेव्हा वळता आलं असतं. मला आजही सगळ्यांत जास्त टोचतं ते हेच.

म्हणून आधी आकडे सांगते. लिहून घ्या, बाई पुढच्या तासाला विचारणार आहेत! उपाशीपोटी साखर १००च्या खाली असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, ज्याला पूर्वमधुमेह म्हणतात. १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत १४०च्या आत ठीक, १९९पर्यंत उंबरठा, २००पासून मधुमेह. एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण आपल्या लाल पेशी जवळजवळ १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना चिकटलेली साखर ती मोजते. ती ५.७च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५पासून मधुमेह. त्रास काहीच नसेल तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करून खात्री करतात. आणि मैत्रिणींनो, अंगात रक्त कमी असेल तर एचबीएवनसी फसवू शकते, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

लक्षणं कोणती? फार तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन उतरणं, धूसर दिसणं, जखम लवकर न भरणं, परत परत होणारा जंतुसंसर्ग, पायाला मुंग्या. मानेवर किंवा काखेत काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा दिसला, तर तो मळ समजून घासत बसू नका. शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. पण खरी अडचण ही की बहुतेकांना कित्येक वर्षं एकही लक्षण नसतं. म्हणून “मला काही होत नाही” या वाक्याला इथे काहीच अर्थ नाही. तिशीच्या पुढच्यांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातही होते.

आता कुणी म्हणेल, “मी तर बारीक आहे, मला कशाला होईल?” याचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः वजनाने हलकी असतात, पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते, असं त्यांना दिसलं. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दिसायला दोघंही सडपातळ. म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. पोटाचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं. म्हणजे साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. आत्ता कुणी श्वास आत ओढू नका, मला दिसतंय!

आपण एकटे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात देशात मधुमेह असलेले १० कोटींहून जास्त आणि उंबरठ्यावर असलेले १३ कोटी ६० लाख असा अंदाज आहे. शेजारच्या गोव्यात तर चार प्रौढांमागे एकाहून थोडे जास्त. पण मला त्यातला उंबरठ्याचा आकडा महत्त्वाचा वाटतो. ते १३ कोटी अजून वळू शकतात. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, २००२मध्ये त्याचे निकाल आले. वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच ध्येय होतं. सुमारे तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गोळी दिलेल्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटलं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर असाच अभ्यास केला, तिथे राहणीमान बदलून २८.५ टक्के घट दिसली. आपल्याकडे फायदा थोडा कमी, पण नक्की.

मी काय केलं ते सांगते. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. मी त्यांना विचारलं, “आहारात नेमकं काय चुकतंय?” ते म्हणाले, “तुम्ही इंजिनिअर ना? मोजा.” मग मी ग्लुकोमीटर घेतला आणि महिनाभर जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहिली.

त्या वहीने माझे बरेच गैरसमज दूर केले. रविवारचे वाडगाभर पोहे हा हलका नाश्ता, असं मी समजत होते. दोन तासांनी साखर २३१! उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीने त्याच्याही वर नेलं. ज्वारीची भाकरी चांगली म्हणून मी तीन खात होते. भाकरी चांगलीच, पण तिसऱ्या भाकरीचा हिशेब यंत्र बरोबर दाखवायचं. साखर सोडून गूळ घेतला, त्याने आकड्यात काही फरक पडला नाही. शरीराला गूळ, मध आणि साखर यांच्यात फारसा भेद कळत नाही. संत्र्याचा रस आणि संत्रं यांत मात्र फरक दिसला, कारण रस काढताना चोथा आपण फेकून देतो.

मग मी एकेक गोष्ट बदलून पाहिली. पोहे बंद केले नाहीत. निम्मे केले, त्यात भरपूर मटार, शेंगदाणे घातले, बरोबर मोड आलेल्या मटकीची उसळ घेतली आणि खाल्ल्यावर वीस मिनिटं चालले. काही आठवड्यांनी तोच आकडा १६८ आला. जेवताना ताटाचे मनातल्या मनात भाग पाडले. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात डाळ, उसळ, अंडं, मासे किंवा पनीर, आणि उरलेल्या पाव ताटात पोळी, भाकरी किंवा भात. आधी कोशिंबीर आणि उसळ खायची, भात शेवटी. क्रम बदलला तरी आकडा उतरतो.

दुसरं, जेवल्यावर बसायचं नाही. आपले स्नायू हे साखरेचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. ते हलायला लागले की इन्शुलिन नीट काम करत नसलं तरी रक्तातली साखर उचलतात. म्हणून सकाळी तासभर फिरून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यालाही प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालण्याचा वेगळा फायदा मिळतो. आठवड्यातून दोनदा जोर लावणारा व्यायामही हवा. मी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन सुरुवात केली. चाळिशीनंतर स्नायू आपोआप कमी होत जातात आणि गिऱ्हाईक कमी झालं की माल दुकानात पडून राहतो, हे किराणा दुकानदाराच्या मुलीला लगेच समजलं.

तिसरं, झोप. आमच्या धंद्यात रात्री अकराला अमेरिकेचा कॉल असणं नेहमीचं. ज्या रात्री चार-पाच तास झोपले, त्याच्या सकाळचा उपाशीपोटीचा आकडा वहीत हमखास वर दिसायचा. साहेबांकडे वही घेऊन गेले आणि आठवड्यातले तीन कॉल दुसऱ्याकडे दिले. मागितल्यावर मिळाले. इतकी वर्षं मी मागितलेच नव्हते.

चूकही सांगते. मध्यंतरी दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत सगळीकडे गाजत होती. अनेकांना त्याचा फायदा झाला. मी डॉक्टरांना न विचारता सुरू केली आणि गोळ्या मात्र पूर्वीच्याच डोसने चालू ठेवल्या. तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरची अक्षरं कळेनात. साखर ५८! मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन घेताना जेवण चुकलं की असं होतं. ७०च्या खाली गेली की लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आहार बदलायचा असेल तर गोळ्यांचा डोस डॉक्टरांनी बदलायला हवा. आपल्या गुरुजनांना विशेष विनंती, तुमच्या वयात साखर फार खाली जाणं हे थोडी जास्त असण्यापेक्षा धोक्याचं ठरू शकतं. माझा आकडा तुमचा आकडा नव्हे.

वर्षभरात माझं वजन एकाहत्तरवरून चौसष्टवर आलं. एचबीएवनसी ६.४. दोन गोळ्यांची एक झाली, ती आजही चालू आहे. मी बरी झाले, असं मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली खूप कमी उष्मांकाचा आहार घेऊन, सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेल्यांपैकी ४६ टक्के लोक वर्षभराने गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या आकड्याखाली होते. दुसऱ्या वर्षी ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. म्हणजे तो मागे हटतो, पण वजन परत वाढलं की परत येतो. ‘मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्याला आप्पांच्या अंगठ्याची गोष्ट सांगा.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन बघा, कोलेस्टेरॉल बघा. रक्तदाब दर भेटीत. आणि पाय रोज. झोपण्यापूर्वी तळवे आरशात पाहायचे, चपला-बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. एवढं आम्हाला तेव्हा माहीत असतं, तर तो खिळा आईच्या हाताला लागला असता.

शेवटी दोन विनंत्या. पहिली आग्रहाबद्दल. आपल्याकडे पाहुण्याने ‘नको’ म्हटलं की तो लाजतोय असं समजून आणखी एक पुरणपोळी वाढतात. आज जेवताना कुणी नको म्हणालं, तर एकदाच विचारा. आणि ज्याने ग्रुपवर हात वर केला नाही, त्याला सांगते, यात लपवण्यासारखं काही नाही रे. हा रोग घरातल्यांच्या मदतीशिवाय सांभाळता येत नाही, आणि घरातल्यांना माहीतच नसेल तर ते मदत कशी करणार?

दुसरी विनंती, येत्या पंधरा दिवसांत प्रत्येकाने तपासणी करा आणि ग्रुपवर फक्त ‘केली’ एवढंच लिहा. आकडा सांगू नका, तो तुमचा. पण सगळ्यांचं ‘केली’ येईपर्यंत मी आठवण करत राहणार आहे. शाळेत मी मॉनिटर होते, फळ्यावर नावं लिहायची सवय अजून गेलेली नाही.

आता जेवणाची घंटा होईल. जेवून झाल्यावर लगेच खुर्च्या धरून गप्पा मारत बसू नका. पी. टी.चे सर इथेच बसलेत. पावसाळ्यातसुद्धा त्यांनी आपल्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या आणि आपण झाडामागे लपून एक फेरी चुकवायचो. ती राहिलेली फेरी आज सगळ्यांनी मिळून मारायची आहे, गप्पा मारत, हळूहळू. सर, मी सकाळीच विचारून ठेवलंय, शिट्टी तुमच्या खिशात आहे. तेवढी वाजवा.